उभें यंत्र आणि चार प्रमाणें

धूळ ही गृहस्थाश्रमाची नित्य सहचरी आहे. ज्या घरांत माणसें नांदतात, मुलें खेळतात, पाहुणे येतात आणि अंथरुणें घातलीं-काढलीं जातात, त्या घरांत धूळ ही असावयाचीच. बंद ठेवलेल्या घरांतही ती सांचते. मग भरल्या घराची कथा काय? तिला घालवून देण्याचें काम आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या केरसुणी करीत आली, आणि त्या उपकाराची जाणीव ठेवून लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं आपण नव्या केरसुणीला हळदकुंकूही वाहतों. परंतु ज्या घरांत जमीन म्हणून दिसतच नाहीं, तेथें बिचाऱ्या केरसुणीनें काय करावें?

इंग्लंडांतील मध्यम स्थितीच्या कित्येक घरांत भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा ठोकून बसविलेला असतो. बैठकीची खोली, निजावयाच्या खोल्या, एवढेंच नव्हे तर जिन्याच्या पायऱ्याही त्यानें झांकलेल्या असतात. थंडीच्या दृष्टीनें ही योजना सोयीची खरी. पण हा गालिचा आपल्या सतरंजीसारखा उचलून अंगणांत झटकतां येत नाहीं. त्यांत पडलेले वाळूचे कण, केंस आणि अन्नाचा चुरा हीं सर्व तंतूंच्या मुळाशीं जाऊन बसतात. वरवर केरसुणी फिरविली तर धूळ निघत नाहीं, ती केवळ जागा बदलते. म्हणून व्हॅक्यूम क्लीनर ही तेथें चैनीची वस्तु नसून जवळजवळ चुलीइतकी आवश्यक वस्तु होऊन बसली आहे. आपल्या फरशीच्या घरांत तें यंत्र नसलें तरी अडत नाहीं. तेथें तें बिघडलें कीं आठ दिवसांत घरांत बसवत नाहीं.

लंडनच्या पश्चिमेस स्लाउ म्हणून गांव आहे. तेथें माझे चिरंजीव, सूनबाई, त्यांची सात वर्षांची कन्या, चार वर्षांचा मुलगा आणि तेथेंच शिक्षण संपवून नोकरीस लागलेला माझा पुतण्या असें एकत्र कुटुंब भाड्याच्या दुमजली घरांत राहतें. मी व माझी पत्नी यांनीं गेल्या वर्षीं त्यांच्यापाशीं पांच महिने काढले. परदेश म्हटला कीं आपल्याकडील लोकांच्या डोळ्यांपुढें सोन्याचा धूर उभा राहतो. वस्तुस्थिति अशी कीं, घरभाडें, वीज, मुलांची व्यवस्था आणि जाण्यायेण्याचा खर्च भागविल्यावर महिनाअखेर जें शिल्लक राहतें, तें पुण्यांतील कारकुनाच्या शिलकेहून फार मोठें नसतें. अशा संसारांत एके शनिवारीं घरांतील व्हॅक्यूम क्लीनरनें राम म्हटला.

धूर पाहून अग्नीचें अनुमान करावें, हें न्यायशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असलेलें उदाहरण. मीं तें चाळीस वर्षें मुलांना शिकविलें; पण त्याचें प्रात्यक्षिक गालिच्यावर पहावयास मिळेल असें कधीं मनांत आलें नव्हतें. यंत्र घरघरलें, करपट वास सुटला, आणि त्याच्या पोटांतून काळसर धूर निघाला. पुतण्यानें धांवत जाऊन वीज बंद केली. अग्नि प्रत्यक्ष दिसला नाहीं, तरी तो आंत होता याविषयीं कोणाचा मतभेद झाला नाहीं.

आतां नवें यंत्र घेणें आलें. सूनबाई घराचा हिशेब ठेवते. तिनें शंभर पौंडांची मर्यादा घातली. शंभर पौंड म्हणजे आपले दहा हजारांहून अधिक रुपये होतात, तेव्हां ही रक्कम मला लहान वाटली नाहीं. परंतु त्या बाजारांत ती मोठीही नव्हे. यांत आणखी एक गोष्ट अशी होती कीं, तिच्यामुळें हा प्रश्न केवळ खरेदीचा राहिला नाहीं. माझ्या नातीला दमा आहे. धुळीचें वावडें तिला जन्मापासून. रात्रीं दोन-दोन वाजतां तिच्या छातींतून शीळ घातल्यासारखा आवाज येऊं लागला म्हणजे तिची आई उशाशीं बसून श्वासावाटे घ्यावयाचें औषध देते आणि पहाटे उठून कामावर जाते. यंत्र बंद पडल्यानंतरच्या आठवड्यांत अशा तीन रात्री गेल्या.

घरांत खल सुरू झाला. चिरंजीवांचें म्हणणें असें कीं, बिनतारेचें, विजेऱ्यावर चालणारें हलकें यंत्र घ्यावें. २४० पौंड पडतील, पण बारा हप्त्यांत देतां येतील. त्यांत त्यांचा हेतु चांगला होता. पत्नीचे श्रम कमी व्हावेत एवढीच त्यांची इच्छा. पुतण्यानें कोणा खासगी गृहस्थानें विकावयास काढलेलें जुनें यंत्र ४० पौंडांस हेरून ठेवलें होतें. नातीला एक लाल रंगाचें, हंसरें तोंड रंगविलेलें, सोंडेसारख्या नळीचें यंत्र हवें होतें. त्या देशांतील बहुतेक मुलांना तें हवें असतें. आमची मंडळी म्हणालीं, "मला एक खराटा आणून द्या, मी दाखवितें." सूनबाई कांहीं बोलली नाहीं. शेवटीं मीं तिला विचारलें, "तुझें काय मत आहे?"

ती म्हणाली, "नाना, हप्ते माझ्या पगारांतून जाणार, यंत्र जिन्यावरून मीच चढविणार, आणि त्यांतली धूळही मीच ओतणार. मला विचारून घेतलें तर बरें."

या वाक्यापुढें आमचे सर्व युक्तिवाद फिके पडले. वस्तु कोणी निवडावी याचा जुना आणि सरळ नियम हाच आहे कीं, जो ती हातीं धरणार त्यानें निवडावी. सुताराचा रंधा शेटजींनीं निवडूं नये आणि स्वयंपाकघरांतील पोळपाट कचेरींतून येऊं नये. तेव्हां निर्णय सूनबाईचा, पैशाची मर्यादा तिची, आणि चौकशीचें काम माझें, असें ठरलें. मला वेळ भरपूर होता. इंग्रजी माझें मॅट्रिकपुरतें. परंतु तर्कसंग्रह पढलेल्या माणसाला ज्ञानाचीं साधनें चार आहेत एवढें ठाऊक असतें: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. व्हॅक्यूम क्लीनर हाही एक पदार्थच आहे. त्याला हीं प्रमाणें कां लागूं पडूं नयेत?

प्रथम शब्दप्रमाण. शब्द प्रमाण मानावयाचा तो आप्ताचा. आणि आप्त म्हणजे जो वस्तु जशी असेल तशी सांगतो तो. विकणारा गोड बोलतो म्हणून तो आप्त होत नाहीं. जाहिरातींत प्रत्येक यंत्र सर्वोत्तम असतें, आणि खरेदीदारांच्या म्हणून छापलेल्या अभिप्रायांतही पुष्कळसे यंत्र घरीं आल्याच्या दुसऱ्या दिवशीं लिहिलेले असतात. नव्या सुनेची परीक्षा जशी पहिल्या दिवशीं होत नाहीं तशी यंत्राचीही होत नाहीं. म्हणून मीं दोन-तीन वर्षें वापरल्यानंतर लिहिलेले अभिप्राय तेवढे वेगळे काढून वाचले. त्या देशांत 'विच' नांवाचें एक मासिक १९५७ सालापासून निघत आहे. तें ग्राहकांच्या संघाचें असून जाहिराती घेत नाहीं. वस्तु तपासून त्यांचे गुणदोष छापतें. वर्गणीदारांच्या पैशावर चालणाऱ्याला विकणाऱ्याची भीड बाळगण्याचें कारण नसतें. हा शब्द मीं अधिक वजनाचा मानला.

दुसरें अनुमान. येथें हेत्वाभासाचें उत्तम उदाहरण सांपडलें. पुतण्यानें हेरलेल्या जुन्या यंत्रावर २००० वॅट असें लिहिलें होतें आणि दुकानांतील नव्यांवर ७००-८००. त्यावरून त्याचें अनुमान असें कीं, जुनें यंत्र अडीचपट ओढील. मीं त्याला म्हटलें, "बाळ, वॅट हा आंकडा यंत्र किती वीज खातें तें सांगतो, तें काम किती करतें तें सांगत नाहीं. दुप्पट भाकरी खाणारा गडी दुप्पट नांगरतो असें तूं कोठें पाहिलेंस?" ज्या हेतूच्या जोडीला साध्य नेहमीं असतेंच असें नाहीं, तो हेतु व्यभिचारी. युरोपीय संघानें याच कारणास्तव २०१४ च्या सप्टेंबरांत अशा यंत्रांना १६०० वॅटांची आणि २०१७ च्या सप्टेंबरांत ९०० वॅटांची कमाल मर्यादा घातली. ब्रिटन तेव्हां त्या संघांत होतें. त्यानंतरही गालिचे झाडले जातच आहेत.

यंत्राचें मर्म वस्तुतः साधें आहे. 'व्हॅक्यूम' म्हणजे निर्वात. परंतु आंत पूर्ण निर्वात असा कधींच होत नाहीं. पंखा वेगानें फिरून आंतील हवेचा दाब कमी करतो, बाहेरची हवा ती उणीव भरावयास धांवते, आणि धांवतांना धुळीला बरोबर घेऊन जाते. म्हणजे यंत्र धूळ ओढतें असें म्हणण्यापेक्षां वारा धुळीला आंत ढकलतो असें म्हणणें अधिक बरोबर. यावरून निघणारें अनुमान मात्र निर्दोष आहे: वाट मोकळी तर वारा मोकळा. नळींत बोळा अडकला, गाळणी कोंडली किंवा सांध्यांतून हवा गळूं लागली, तर कितीही वॅट खर्ची पडले तरी तोंडापाशीं जोर राहत नाहीं.

हें तत्त्व प्रथम व्यवहारांत आणणाऱ्यांपैकीं ह्यूबर्ट सेसिल बूथ नांवाचा इंग्रज इंजिनियर प्रमुख होय. त्याच्या काळीं धूळ फुंकून उडविणारीं यंत्रें होतीं. फुंकण्याऐवजीं ओढून कां पाहूं नये, असें त्याच्या मनांत आलें. आणि त्यानें खुर्चीच्या गादीवर रुमाल धरून तोंडानें हवा ओढून पाहिली, असें सांगतात. रुमालावर उमटलेल्या काळ्या डागानें त्याची खात्री पटविली. १९०१ सालीं त्यानें पेटंट घेतलें. त्याचें यंत्र एवढें मोठें कीं तें घोड्यांच्या गाडींतून येई, रस्त्यांत उभें राही, आणि लांब नळ्या खिडक्यांतून घरांत सोडाव्या लागत. १९०२ सालीं सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकापूर्वीं वेस्टमिन्स्टर ॲबींतील गालिचे त्यानें साफ केले. राजाला हें परवडलें. सामान्य गृहिणीनें दारांत घोडे कोठून आणावेत?

गृहिणीच्या हातीं येईल असें उभें यंत्र ज्यानें केलें, त्याची हकीगत मला नातीच्या उशाशीं बसून वाचतांना विशेष जिव्हाळ्याची वाटली. अमेरिकेच्या ओहायो प्रांतांत कँटन म्हणून शहर आहे. तेथें जेम्स मरे स्पँगलर नांवाचा एक वयस्क गृहस्थ एका दुकानाच्या झाडलोटीचें काम करी. त्याला दमा होता, आणि झाडतांना उडणारी धूळ त्याच्या छातींत जाई. पोटासाठीं नोकरी सोडतां येईना आणि नोकरी श्वास घेऊं देईना, अशा पेंचांत सांपडलेल्या त्या माणसानें पंख्याची मोटर, फिरता ब्रश, झाडूचा दांडा आणि धूळ सांठविण्यासाठीं उशीचा अभ्रा एवढ्या साहित्यावर एक यंत्र जोडलें. १९०८ च्या जूनमध्यें त्याला त्याचें पेटंट मिळालें. त्याच्या नात्यांतील हूवर या कुटुंबानें, ज्यांचा धंदा चामड्याच्या सामानाचा होता, तो हक्क विकत घेतला. आणि पुढें इंग्लंडांत हूवर हें नांव झाडण्याच्या क्रियापदासारखें वापरलें जाऊं लागलें. क्रियापद मालकाच्या नांवाचें झालें. परंतु कल्पना एका दमेकरी झाडूवाल्याची होती.

तिसरें उपमान. एका वस्तूशीं ताडून दुसरी जाणावयाची. उभ्या यंत्रांत मोटर आणि फिरता ब्रश हीं तळाशींच असतात. ब्रश गालिच्याच्या तंतूंना झोडपून मुळाशीं बसलेली धूळ सुटी करतो आणि वारा ती उचलतो. वापरणाऱ्याला ताठ उभें राहून चालतां चालतां काम होतें; कमरेंत वांकावें लागत नाहीं. उलट तें जड असतें, जिन्यावर अडचणीचें होतें, आणि गुळगुळीत फरशीवर त्याचा ब्रश बारीक खडे आंत घेण्याऐवजीं चारी दिशांस भिरकावतो. नळीचें, जमिनीवरून मागें मागें ओढावयाचें जें दुसरें यंत्र, तें फरशीला, कोपऱ्यांना आणि जिन्याला चांगलें. परंतु निव्वळ ओढीनें दाट गालिच्याचें मूळ तितकेंसें साफ होत नाहीं. बिनतारेचें यंत्र हाताळण्यास सर्वांत सोपें. पण त्याचा विजेरा थोड्या वेळांत उतरतो, आणि कांहीं वर्षांनीं जुन्या माणसासारखा लवकर थकूं लागतो. नवा विजेरा घ्यावयाचा तर पुन्हां मोठा खर्च. ज्या घरांत चार खोल्या आणि जिना गालिच्यानें मढविलेला आहे, तेथें उभ्या यंत्राचा पक्ष बलवान् ठरला.

याहूनही महत्त्वाचा भेद पिशवीचा. जेम्स डायसन या इंग्रज गृहस्थानें ५१२७ नमुने करून बिनपिशवीचें यंत्र सिद्ध केलें, आणि १९९३ सालीं त्याचें उभें यंत्र इंग्लंडच्या बाजारांत आलें. हवा भोंवऱ्यासारखी फिरवून धूळ बाजूला टाकण्याची ती युक्ति खरोखरच कौतुकास्पद आहे. तिच्या अनुकरणानें आज स्वस्तांतल्या स्वस्त यंत्रांनाही पारदर्शक डबा असतो. पिशव्यांचा खर्च वांचतो. पण तो डबा ओतण्याची वेळ येते तेव्हां आंतील सूक्ष्म धूळ ओतणाऱ्याच्या तोंडावर उडते आणि पुन्हां घरांत शिरते. कागदाच्या किंवा कापडी पिशवीचें तोंड मिटवून ती तशीच टाकून देतां येते. निरोगी घरांत हा भेद क्षुल्लक. आमच्या घरांत तोच मुख्य होता. अतिसूक्ष्म कण अडविणाऱ्या गाळण्याही मिळतात. उत्तम दर्जाच्या गाळणीनें एक सहस्रांश मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे बारीक कणसुद्धां शेंकडा ९९.९७ अडवावेत असा अमेरिकन दंडक आहे. परंतु गाळणी कितीही चोख असली तरी यंत्राचे सांधे सैल असतील तर हवा गाळणीला वळसा घालून बाहेर पडते. गळक्या घागरीला चांदीचें झांकण घालून पाणी राहत नाहीं.

चवथें आणि सर्वांत बलवान् असें प्रत्यक्ष. त्यासाठीं आम्ही एका दुरुस्तीच्या दुकानांत गेलों. स्लाउमध्यें शीख मंडळींची वस्ती मोठी आहे. दुकानाचे मालक एक वृद्ध सरदारजी होते. मी शिक्षक होतों हें कळतांच त्यांनीं मला 'मास्टरजी' म्हणावयास सुरुवात केली आणि नवें दाखविण्यापूर्वीं जुनें यंत्र उघडण्यास घेतलें. त्यांनीं जें सांगितलें तें प्रत्येक गृहिणीनें लक्षांत ठेवावें असें आहे. यंत्र चालेना झालें कीं प्रथम पांच गोष्टी पहाव्यात: तेथील प्लगांतच फ्यूज असतो तो उडाला आहे काय, नळींत बोळा अडकला आहे काय, गाळणी कोंडली आहे काय, ब्रश फिरविणारा रबरी पट्टा तुटला आहे काय, आणि ब्रशाला केंस व दोरे गुंडाळून तो आवळला गेला आहे काय. मृत म्हणून टाकून दिलेल्या यंत्रांपैकीं कित्येक यांपैकीं एखाद्याच कारणानें मूर्च्छित झालेलीं असतात. आमचें मात्र खरोखरच गेलें होतें. गाळणी कोंडून वाऱ्याची वाट बंद झाली, वाऱ्यानेंच थंड राहणारी मोटर तापली आणि जळली. नवी मोटर बसविण्यास ६५ पौंड पडले असते.

त्यांच्यापाशीं दुरुस्त करून पुन्हां विकावयास ठेवलेलें, जर्मन बनावटीचें, पिशवीचें उभें यंत्र ९० पौंडांस होतें. शिवाय ७० पौंडांचें नवें कोरें बिनपिशवीचेंही होतें. सरदारजींनीं गालिच्याच्या तुकड्यावर मीठ आणि बारीक वाळू पसरून पायानें दाबली व दोन्ही यंत्रें फिरवून दाखविलीं. मीठ दोघांनींही उचललें. मग त्यांनीं हवा बाहेर पडते त्या जाळीवर पांढरें ओलसर फडकें धरलें. नव्यावरील फडक्यावर करडी छटा आली. जुन्यावरील पांढरेंच राहिलें. बूथच्या रुमालाची ही उलटी आवृत्ति पाहून मला मोठी मौज वाटली. त्यानंतर सूनबाईनें यंत्र हातीं घेतलें. तें सुमारें सात किलो भरलें. तिनें तें दुकानाच्या पायऱ्यांवरून वर नेऊन खालीं आणलें, दांडा आपल्या उंचीला जुळतो कीं नाहीं तें पाहिलें, पिशवी काढून घालून पाहिली, ब्रशांतले केंस काढावयाचे झाल्यास तो सहज निघतो काय हें विचारलें. लांब केंसांच्या बायका ज्या घरांत आहेत तेथें हा प्रश्न पहिल्या प्रतीचा. तो आम्हां पुरुषांपैकीं एकालाही सुचला नव्हता. माझ्या पत्नीनेंही दुकानांत दोन फेऱ्या मारल्या आणि, "कंबर वांकत नाहीं, एवढें खरें," असा निकाल दिला. सूनबाई म्हणाली, "नाना, हें घेऊं."

तरी मीं तिच्यासमोर हिशेब मांडला. कारण वस्तूची किंमत चिठ्ठीवर असते त्याहून ती दरवर्षीं मागत राहते तींत अधिक असते. स्वस्त यंत्राचे ७० पौंड, गाळणीला दरसाल १०, आणि पहिल्याच्या अनुभवावरून आयुष्य तीन वर्षें; एकूण १०० पौंड, म्हणजे वर्षाला सुमारें ३३. दुसऱ्याचे ९०, एक पिशवी पांच आठवडे पुरते असें धरलें तर दहा पिशव्यांचें १३ पौंडांचें पुडकें वर्षाला एक, पट्टा-गाळणीसाठीं एकंदर १०, आणि सरदारजींच्या म्हणण्याप्रमाणें तें पांच वर्षें टिकलें तर एकूण १६५, म्हणजे वर्षाला पुन्हां ३३च. पांचाऐवजीं तीनच वर्षें टिकलें तर मात्र वर्षाला ४६ पडतील. म्हणजे पैशाच्या तराजूंत दुसरें यंत्र जिंकत नव्हतें. फार तर बरोबरीस येत होतें. पारडें झुकलें तें पांढऱ्या फडक्यामुळें आणि मुलीच्या श्वासामुळें. कांहीं वस्तु काटकसरीच्या म्हणून घ्यावयाच्या नसतात. त्या परवडतात कीं नाहीं एवढेंच पहावयाचें असतें.

जुनी वस्तु घ्यावयाची तर कोणाकडून, हाही विचार झाला. ब्रिटनमधील २०१५ च्या ग्राहक-हक्क कायद्याप्रमाणें दुकानदारानें विकलेली वस्तु, मग ती वापरलेली असली तरी, तिच्या किमतीच्या व वयाच्या मानानें समाधानकारक असली पाहिजे; सदोष निघाली तर तीस दिवसांच्या आंत परत करून पैसे मागतां येतात. खासगी माणसाकडून घेतलेल्या वस्तूला हें संरक्षण फारच थोडें. पुतण्याचें ४० पौंडांचें यंत्र येथें मागें पडलें. सरदारजींनीं सहा महिन्यांची हमी पावतीवर लिहून दिली. जळलेलें यंत्र त्यांनींच सुट्या भागांसाठीं ठेवून घेतलें. चिरंजीवांनीं हप्त्यांचा विचार सोडला, आणि उरलेल्या दहा पौंडांतून सूनबाईनें अंथरुणाला घालावयाच्या खोळी आणल्या.

या खोळींचेंही कारण सांगितलें पाहिजे. नव्या यंत्रानें नातीचा दमा गेला असें मी लिहिलें, तर ती शब्दप्रमाणाची विटंबना होईल. तेथील दवाखान्यांतील परिचारिकेनें आम्हांस स्पष्ट सांगितलें कीं, यंत्र हें औषध नव्हे. धुळींत डोळ्यांना न दिसणारे जे सूक्ष्म जीव असतात, त्यांची विष्ठा हें दमेकऱ्याच्या त्रासाचें एक मोठें कारण. आणि ते गालिच्यापेक्षांही गाद्या-उश्यांत अधिक सुखानें राहतात. जिवंत जीव तंतूंना चिकटून बसतात, ते यंत्रानें सगळे निघत नाहींत. म्हणून पांघरुणें व खोळी दर आठवड्याला ६० अंशांच्या गरम पाण्यांत धुवाव्यात, फडताळें ओल्या फडक्यानें पुसावीं, झाडलोट मूल खोलींत नसतांना करावी, आणि डॉक्टरांनीं दिलेलें औषध यंत्राच्या भरंवशावर कधींही थांबवूं नये. हीं चारही पथ्यें आम्ही पाळलीं. पुढील तीन महिन्यांत रात्रीं उठण्याचे प्रसंग कमी झाले. त्यांतलें श्रेय गोळ्या-औषधांचें किती, गरम पाण्याचें किती, बदललेल्या ऋतूचें किती आणि यंत्राचें किती, हें वांटून देण्याइतकें माझें न्यायशास्त्र पुढें गेलेलें नाहीं. आईला सलग झोंप मिळूं लागली एवढें मात्र प्रत्यक्ष होतें.

यंत्र चालविण्याचें काम माझ्याकडे आलें. सकाळीं मुलें शाळेला गेलीं, मोठीं माणसें कामाला गेलीं, कीं घरांत रिकामा असा मीच; मग दुसऱ्या कोणीं तें कां करावें? मी खिडक्या उघडीं आणि तासाभरांत दोन्ही मजले आटपीं. घाईनें दहा फेऱ्या मारण्यापेक्षां सावकाश तीन फेऱ्या मारल्या तर धूळ अधिक निघते, हें सरदारजींचें सूत्र मीं पाळलें. यंत्राच्या घोषांत अमरकोशाचे वर्ग मोठ्यानें म्हटले तरी कोणी हरकत घेत नाहीं, हा एक अनपेक्षित लाभ. आम्ही परत निघालों तेव्हां हें काम चिरंजीवांनीं आपल्याकडे घेतलें. शनिवार-रविवारीं ते व पुतण्या आळीपाळीनें करतात असें सूनबाई पत्रांतून कळविते. शेजारीं बसून अमरकोश म्हणण्याचें काम, मजकडून तो ऐकून अर्धामुर्धा पाठ झालेली नात करते म्हणे; यंत्र चालू असतांना तिला खोलींत बसूं देत नाहींत, म्हणून ती जिन्याच्या खालच्या पायरीवरून ओरडते.

मी येथें परतल्यावर दोघां-तिघां स्नेह्यांनीं विचारलें, तसलें एखादें यंत्र आपल्याकडे मागवावें काय? माझें उत्तर असें कीं, घर पाहून यंत्र घ्यावें. आपलें घर शहाबादी फरशीचें किंवा गुळगुळीत लाद्यांचें असेल, तर उभ्या यंत्राचा फिरता ब्रश आपल्या उपयोगाचा नव्हे; केरसुणी आणि ओलें फडकें यांनीं काम उत्तम होतें, आणि गाद्या-पडद्यांसाठीं हवेंच असेल तर नळीचें लहान यंत्र पुरे. अमेरिकेंतून कोणी आणून देत असेल तर आधीं नम्रपणें नको म्हणावें; तेथील वीज १२० व्होल्टांची, आपली २३० व्होल्टांची, आणि मोटर जळल्याचा वास कसा असतो तें मीं वर लिहिलेंच आहे. कोणतेंही यंत्र घेतांना सांगणारा आप्त आहे काय, आंकड्यावरून काढलेलें अनुमान खरें आहे काय, तुलना आपल्याच घराशीं केली आहे काय, आणि वस्तु प्रत्यक्ष हातीं धरून पाहिली आहे काय, हे चार प्रश्न विचारावेत. आणि पांचवा प्रश्न, जो कोणत्याही शास्त्रग्रंथांत नाहीं पण सर्वांआधीं विचारावयास हवा, तो घरांत जी रोज झाडते तिला विचारावा: "तुला कोणतें हवें?"